उधारीवर जेवणारे गिरणगाव

1936 साली ब्रिटिश हिंदुस्थानात वेतन देण्यासंबंधीचा एक कायदा संमत झाला. त्यातले एक कलम वरवर अगदी रुक्ष आहे. हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याने महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा आणि त्याहून मोठ्या कारखान्याने दहा तारखेच्या आत.

मुंबईच्या बहुतेक कापडगिरण्या दुसऱ्या वर्गात मोडत. म्हणजे एक तारखेला कामावर लागलेल्या माणसाच्या हातात पहिला पगार पडायला चाळीस दिवस लागत. कायद्याच्या आधी तर ही तारीख आणखीही लांबत असे.

गावाहून वळकटी आणि एखादा पत्ता घेऊन आलेला तो माणूस हे चाळीस दिवस जेवत कुठे होता?

तो जेवत होता चाळीतल्या एखाद्या दहा बाय बाराच्या खोलीत. त्या खोलीत एक बाई दोन वेळचा स्वयंपाक रांधत होती आणि पैशांसाठी त्याच्याइतकीच दहा तारखेची वाट पाहत होती. गिरणगाव तिला ‘खाणावळवाली’ म्हणत असे. मुंबईच्या औद्योगिक इतिहासात गिरणीमालक आहेत, मुकादम आणि जॉबर आहेत, संप आणि पुढारी आहेत. या बाईचा उल्लेख मात्र ओळी-दोन ओळींत संपतो. हा धागा तिच्याविषयी आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची उभारणी सुरू केली आणि 1856 मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा, वरळी, डिलाईल रोड या पट्ट्यात धुराड्यांचे रान उभे राहिले. मजूर आले ते मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून आणि घाटावरच्या सातारा, पुणे, कोल्हापूर या भागांतून. बहुतेक एकटेच आले. गावाकडे खंडाची किंवा चार गुंठ्यांची शेती होती, ती बायकोने आणि म्हाताऱ्यांनी सांभाळायची. शिवाय मुंबईतल्या पगारात आणि मुंबईतल्या जागेत कुटुंब मावतच नव्हते. 1921 च्या जनगणनेत मुंबई शहरात हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम सव्वापाचशे होत्या.

एकेका गावाचे लोक मिळून खोली घेत. पाळ्यांवर जाणारी माणसे पाळीपाळीनेच त्या खोलीत झोपत. एक उठला की त्याच्या जागी दुसरा आडवा होई. सामान म्हणजे भिंतीवरच्या खुंट्या आणि प्रत्येकाची एक ट्रंक. ग्रामस्थ मंडळांच्या अशा खोल्यांची परंपरा मुंबईत अजून पुरती संपलेली नाही. या खोल्यांमध्ये चूल मात्र क्वचितच पेटे. दहा-बारा तास साच्यावर उभे राहून आलेल्या माणसाला भाकरी थापणे शक्य नव्हते आणि हॉटेलात रोज जेवणे परवडणारे नव्हते.

या अडचणीत आपल्याला काही करता येईल, हे प्रथम कोणाच्या लक्षात आले? याचे उत्तर एका नावाने देता येत नाही, आणि ते तसे देऊही नये. खाणावळीचा कोणी जनक नाही. बहुधा प्रत्येक चाळीत ती नव्याने जन्मली. कुटुंबासह राहणाऱ्या एखाद्या कामगाराच्या घरी आधी त्याचा धाकटा भाऊ जेवू लागला, मग मेहुणा, मग गावचा कोणी. चार पाने वाढायची तिथे सहा, मग दहा. नात्यातले होते तोवर तो पाहुणचार होता. गावकरी महिन्याचे पैसे देऊ लागले तेव्हा तो व्यवसाय झाला. ही रेषा नेमकी कधी ओलांडली हे त्या बाईलाही सांगता आले नसते. ना पाटी, ना परवाना, ना दुकान.

या धंद्यात उतरणाऱ्या सगळ्याच काही संसाराला हातभार म्हणून उतरल्या नव्हत्या. नवरा वारलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, नवरा दम्याने किंवा दारूने घरी बसलेला आहे अशा कितीतरी होत्या. त्यांत पुढे आणखी एका वर्गाची भर पडली, आणि ती गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे एक पंचमांश कामगार स्त्रिया होत्या, मुख्यतः वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत. नवी यंत्रे आली, खाती आखडली. स्त्रियांना रात्रपाळीला बंदी होती. 1929 च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने बाळंतपणाचा भत्ता मालकांवर बंधनकारक केला, तेव्हा अनेक मालकांनी स्त्रियांना घेणेच कमी केले. संरक्षणासाठी केलेल्या कायद्याने संरक्षितांची नोकरी जावी, हा प्रकार इतिहासात काही दुर्मीळ नाही. गिरणीचे दार बंद होत गेलेल्या स्त्रियांपुढे जे मोजके मार्ग उरले, त्यांत खाणावळ एक होती. तेव्हा संधी ‘हेरली’ असे म्हणताना थोडे सावध राहिलेले बरे. दुसरे दार उघडे नसल्यामुळेही माणूस एका दाराकडे नीट पाहू लागतो.

तिचा दिवस गिरणीच्या भोंग्याआधी सुरू होई. पहिल्या पाळीचे लोक निघण्यापूर्वी भाकऱ्या तयार हव्यात. मग डबे. मग पाळी सुटून येणाऱ्यांची पंगत, मग दुसऱ्या पाळीची. चाळीच्या सामाईक नळाला पाणी ठरावीक वेळीच येणार, म्हणून पिंपे भरून ठेवायची. वीस माणसांची भांडी त्याच पाण्यात निघाली पाहिजेत. जी खोली दुपारी भोजनगृह, तीच रात्री मुलांचे अंथरूण. कोणी गावी गेला किंवा आजारी पडला की त्याचे ‘खाडे’ धरून पैसे वजा करायचे. लिहिता न येणाऱ्या बाया हा हिशेब भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून किंवा केवळ डोक्यात ठेवत.

प्रत्येक खाणावळीची चव वेगळी होती आणि ती चव म्हणजे एक नकाशाच होता. कोकणातल्या माणसाला भात आणि माशाचे कालवण हवे, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत आमटी. गावाकडच्या चवीचा घास मिळणे ही खाणावळीची खरी ताकद होती. त्याच नकाशावर जातीच्या रेषाही होत्या. कोणाच्या पंक्तीला कोण बसणार हे ठरलेले असे. ज्या शहरात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना गिरणीच्या विणकाम खात्यात शिरकाव नव्हता, तिथे खाणावळी त्याला अपवाद कशा असतील? गिरणगावाच्या बंधुभावाच्या कथा सांगताना ही पंगत विसरता येत नाही.

आता पुन्हा त्या चाळीस दिवसांकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे.

समजा एका खाणावळीत वीस माणसे दोन वेळ जेवतात. चाळीस दिवसांची पाने होतात 1600. एवढ्या जेवणाचे धान्य, तेल, मिरची, सरपण आधी घ्यायचे आणि पैसे नंतर मिळवायचे. म्हणजे ही बाई केवळ स्वयंपाकीण नव्हती. कामगाराला बिनव्याजी उधार देणारी ती एक सावकारच होती. अधिक स्पष्ट बोलायचे तर गिरणीमालक कामगाराचा पगार महिनाभर स्वतःकडे राखून ठेवत असे आणि त्या काळात कामगाराला जिवंत ठेवण्याचा खर्च या बाईच्या उधारीवर चाले. कापड उद्योगाच्या खेळत्या भांडवलाचा एक तुकडा असा चाळीतल्या चुलीशी होता, आणि कोणत्याही ताळेबंदात तो दिसत नाही.

तिच्याकडे तरी भांडवल कुठून येणार? ती कोपऱ्यावरच्या वाण्याकडून उधारीवर माल उचलत असे. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा, माल हलका, आणि वरून व्याज. ते थकले की हातातल्या पाटल्या, मग गळ्यातले मणी गहाण पडत. पगाराच्या दिवशी सभासदांकडून आलेला पैसा संध्याकाळपर्यंत वाण्याच्या गल्ल्यात जाई आणि दुसऱ्या दिवशी नवी उधारी सुरू होई. गिऱ्हाइकांची वाण कधीच नव्हती, राबण्यात कसूर नव्हती, तरीही वीस-वीस वर्षे खाणावळ चालवून हाती काही उरलेले नसे. गरज तिने ओळखली होती, ती पूर्णही करत होती. नफा मात्र ज्याच्याकडे रोख पैसा होता त्याच्याकडे वाहत होता.

ही गळती कोणाच्या तरी नजरेस पडायला फार काळ जावा लागला.

1973-74 च्या हिवाळ्यात गिरणी कामगारांचा 42 दिवसांचा संप झाला. पगार बंद, पण खाणावळी चालू होत्या. संपकरी जेवत होते आणि खाडे नव्हे, तर संपूर्ण महिना उधारीत मांडला जात होता. प्रेमा पुरव या वेळी कामगार चळवळीत काम करत होत्या. मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तिसंग्रामात तरुण वयात उतरलेल्या. संप कामगार लढवतात हे सर्वांना दिसत होते. तो कोणाच्या चुलीवर लढवला जातो हे त्यांनी पाहिले. युनियनच्या सभांत या बायका नव्हत्या, कारण त्या कोणाच्याच नोकर नव्हत्या. मागणी करायची तर मालक कोण, हाच प्रश्न होता.

पुरवांच्या निरीक्षणाला वेळेची साथ मिळाली. 19 जुलै 1969 रोजी 14 मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. 1972 मध्ये सरकारने भिन्न व्याजदर योजना आणली. तीनुसार बँकांनी अत्यंत दुर्बल घटकांना अवघ्या 4 टक्के दराने कर्ज द्यायचे होते. कागदावर ही योजना खाणावळवालीसाठीच बनवली असावी इतकी चपखल होती. प्रत्यक्षात बँकेचा उंबरठा तिने कधी ओलांडलेला नव्हता. तारण काय? जामीन कोण? धंद्याचा पुरावा काय? सही कशी? खोली नवऱ्याच्या नावावर, तीही भाड्याची.

1975 मध्ये पुरवांच्या पुढाकाराने ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे राहिले. तारणाच्या प्रश्नावर त्यांनी काढलेला तोडगा साधा होता: बायकांचे गट करायचे आणि गटातल्या सगळ्यांनी एकमेकींना जामीन राहायचे. कोण प्रामाणिक, कोणाची चूल खरोखर पेटते, कोणाचा नवरा पैसे हिसकावून घेईल, हे बँकेच्या अधिकाऱ्याला कळणे अशक्य होते. शेजारणीला ते पाठ होते. चाळीतली भिंतीला भिंत लावून असलेली वस्ती, जिच्याकडे सगळे अडचण म्हणूनच पाहत, ती इथे पतपत्र ठरली. रक्कम लहान होती. योजनेत खेळत्या भांडवलासाठी मिळू शके ती हजार-दीड हजारांच्या घरातली. पण खाणावळीला नेमके तेवढेच हवे होते: एका महिन्याचा किराणा रोखीने भरता येईल इतके.

याच काळात इतरत्रही असे प्रयोग चालू होते, हे तरुण अभ्यासकांनी नोंदवून ठेवण्यासारखे आहे. अहमदाबादेत इला भट यांच्या ‘सेवा’ संघटनेने 1974 मध्ये स्त्रियांची सहकारी बँक काढली होती. तेही गिरण्यांचेच शहर आणि ‘सेवा’चा उगमही कापड कामगारांच्या संघटनेतलाच. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांची पहिली छोटी कर्जे 1976 ची. सूक्ष्म कर्जाचा इतिहास सांगताना पुष्कळदा तिथूनच सुरुवात केली जाते. दादर-परळच्या चाळींना त्यात जागा मिळत नाही, ती मिळायला हवी.

कर्जाने काय बदलले? वाण्याकडे रोखीने घासाघीस करता येऊ लागली. काहींचे गहाण दागिने सुटले. घरात पुरुषाचे असायचे ते बँकेचे पुस्तक प्रथमच बाईच्या नावाने आले. काय बदलले नाही, हेही सांगितले पाहिजे. श्रम तेवढेच राहिले. खोली तेवढीच राहिली. आणि सगळा डोलारा गिरणीच्या पगारावर उभा होता, तो तसाच राहिला.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. आधीच्या संपांच्या अनुभवावरून सगळ्यांनी महिन्या-दोन महिन्यांचा हिशेब केला होता. हा संप वर्षाहून अधिक काळ लांबला आणि औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. कामगार टप्प्याटप्प्याने गावी गेले. बरेचसे परत आले नाहीत. त्यांच्यामागे खाणावळीच्या वहीत राहिलेली बाकी कोणाकडे मागायची? मालकांचे नुकसान, कामगारांची थकबाकी, देशाचे बुडालेले उत्पादन यांचे आकडे काढले गेले. खाणावळींच्या बुडालेल्या उधारीचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

तगल्या त्या बायकांनी गिऱ्हाईक बदलले. गिरणीचा भोंगा थांबला, तरी फोर्ट, दादर, नरिमन पॉइंट इथल्या कचेऱ्यांत जेवणाची सुट्टी होतच होती, आणि तिथे काम करणाऱ्या स्त्रियांना सकाळी लोकल पकडायची असल्याने स्वतःच्या डब्याला वेळ नव्हता. पाळीचा डबा कचेरीचा डबा झाला. ‘अन्नपूर्णा’नेही सामूहिक स्वयंपाकघर आणि मोठ्या प्रमाणावर जेवण पुरवण्याचे काम वाढवले. एकट्या पुरुषाच्या भुकेऐवजी आता नोकरदार कुटुंबाच्या वेळेची टंचाई हा धंद्याचा पाया झाला. दादर-गिरगावातल्या पोळीभाजी केंद्रांसमोर संध्याकाळी जी रांग लागते, ती याच टंचाईची. फरक एकच: तिथे पैसे रोख द्यावे लागतात.