सुषिर पंचकाची न निघालेली तबकडी

आर्नल्ड शोनबर्ग यांच्या सुषिर पंचकाचा विषय निघाला की मला त्यांच्या दुसऱ्याच रचनांच्या तबकड्या आठवतात. १९३६च्या डिसेंबरअखेरीस आणि १९३७च्या जानेवारीत कोलिश चौकडीने शोनबर्ग यांची चारही तंतुचतुष्के हॉलिवूडच्या युनायटेड आर्टिस्ट्स स्टुडिओत वाजवली. चित्रपटसंगीतात पुढे नऊ ऑस्कर मिळवणारे आल्फ्रेड न्यूमन हे शोनबर्ग यांचे शिष्य. सोय त्यांनी केली. मोजके खासगी संच निघाले. त्यांत वादनाबरोबर शोनबर्ग यांचे बोलणेही आहे. १९३३ साली जर्मनी सोडावी लागलेल्या या माणसाचा आवाज ऐकताना संगीताकडे जरा दुर्लक्षच होते, हे कबूल करायला हवे. चौथे चतुष्क तर अगदी ताजे; त्याचे पहिले जाहीर वादन त्याच जानेवारीत लॉस एंजेलिसला झाले.

पंचकाच्या वाट्याला ही सत्रे आली नाहीत. फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बसून यांसाठीची ही रचना व्हिएन्नात १३ सप्टेंबर १९२४ रोजी, शोनबर्ग यांच्या पन्नासाव्या वाढदिवशी सादर झाली. बारा स्वरांची पद्धत त्यांनी चार भागांच्या एवढ्या मोठ्या आराखड्यात प्रथम राबवली ती इथे. वादक पाचच, तरीही ताल सांभाळायला त्यांचे जावई फेलिक्स ग्राइस्ले समोर उभे होते. यावरून अवघडपणाचा अंदाज यावा. रचना अर्पण केली होती लहानग्या नातवाला!

रुडॉल्फ कोलिशही घरचेच. १९२४ सालीच त्यांच्या बहिणीशी, गरट्रूडशी, शोनबर्ग यांचा विवाह झाला होता. पण नात्यापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती चौकडीची घडण. वर्षानुवर्षे एकत्र वाजवणारी ही मंडळी समोर स्वरलिपी न ठेवता, सगळे मुखोद्गत करून वाजवत. पंचकामागे असा कायमचा संच नव्हता, आणि मुद्रण राहून जायचे मुख्य कारण तेच असावे, असा माझा तर्क आहे. शिवाय गज न थांबता फिरवता येतो. फुंकणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो, आणि इथे विश्रांतीच्या जागा फार कमी. सुमारे चाळीस मिनिटांची रचना ७८ गतीच्या तबकड्यांवर नऊ-दहा बाजू घेणार. तीन मिनिटांत राग बसवणाऱ्या आपल्या गवयांना ही अडचण वेगळी सांगायला नको.

पुढे एलपीच्या काळात, १९५०च्या दशकात, फिलाडेल्फिया वुडविंड क्विंटेटने पंचक वाजवले, आणि उत्तम वाजवले. स्वर कागदावर आहेतच. पण हॉर्नच्या भरदार आवाजाखाली फ्लूटचा खालचा स्वर किती ऐकू यावा, हे कागदावरच्या खुणा अर्धेच सांगतात. ते ठरवणारे कान १९५१च्या जुलैतच मिटले होते.