बापाच्या नावापासून स्टिकरपर्यंत

आमच्याकडच्या मराठी शाळांत मुलांची चिडवाचिडवी बापाच्या नावानं चालायची. हजेरी घेताना पूर्ण नाव पुकारलं जाई, त्यातलं मधलं नाव पोरं उचलत आणि मधल्या सुट्टीत मैदानभर हाका मारत, "ए दत्त्या!", "ए शंकऱ्या!" बाकांवर ते नाव कर्कटकानं कोरलं जाई, मुतारीच्या भिंतीवर कोळशानं उमटे. सांगलीत मी वर्गशिक्षिका झाले तेव्हा जूनमध्ये रंगवलेल्या बाकांवर दिवाळीच्या आत नवी नावं दिसायची. ते क्रूरच होतं. पण कुणी कोरलं ते मला अक्षरावरून ओळखता यायचं आणि शाळा सुटल्यावर पोरगं घरी निर्धास्त असायचं.

घराचा उंबरा आधी ओलांडला तो लँडलाइननं. ब्लँक कॉल यायचे, पलीकडून चारपाच जण खिदळायचे. तरी फोन बाहेरच्या खोलीत, सगळ्यांच्या कानावर. काहीतरी बिनसलंय हे आईच्या लक्षात यायचं.

2004 मध्ये ऑर्कुट आलं आणि पोरं सायबर कॅफेच्या प्लायवूडच्या कप्प्यांत बसू लागली. सुरुवातीला कुणाचंही स्क्रॅपबुक कुणीही वाचावं, अशी सोय होती. 'आय हेट' नं सुरू होणाऱ्या कम्युनिटी निघत, मुलींचे फोटो उचलून खोटी प्रोफाइल बनत. इथून अक्षर ओळखता येईना. सप्टेंबर 2014 मध्ये ऑर्कुट बंद झालं, पण तोवर फेसबुक आणि व्हॉट्सॲप रुजले होते. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला, 2018 च्या अखेरीस व्हॉट्सॲपवर स्टिकर आले आणि मार्च 2020 च्या टाळेबंदीनंतर शाळाच फोनमध्ये भरू लागली. वर्गाचे दोन ग्रुप झाले. एकात आम्ही शिक्षक होतो, दुसऱ्यात नव्हतो.

त्या दुसऱ्या ग्रुपात बापाचं नाव परत आलं, आता चेहऱ्यासकट. नववीतल्या एका मुलाच्या वडिलांचा फेटा बांधलेला डीपी कापून कुणीतरी स्टिकर केला. गणिताचा तास असो की कुणाचा वाढदिवस, तो स्टिकर पडायचा. मुलानं आधी कॅमेरा बंद ठेवला, मग तासाला येणंच सोडलं. वडील मला म्हणाले, "बाई, घरात एका शब्दानं बोलला नाही हो."

कसा बोलणार? चेष्टा वडिलांची होती. त्यांना ती दिसू नये म्हणून तो एकटा सोसत होता. मूल भितं म्हणून गप्प बसतं, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा ते आपल्याला जपत असतं. शिवाय कळलं तर फोन जाईल ही धास्ती असतेच, आणि फोन गेला म्हणजे उरलेले मित्रही गेले. म्हणून काही घडायच्या आधीच पालकांनी स्पष्ट सांगावं, "तू सांगितलंस म्हणून मी फोन काढून घेणार नाही." आणि तो शब्द पाळावा.

पुढचं काम शांतपणे करायचं. तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवा, मगच ब्लॉक करा. पालकांच्या ग्रुपवर भांडू नका, वर्गशिक्षकांना लेखी कळवा. अश्लील फोटो किंवा धमकी असेल तर पोलिसांकडे किंवा 2019 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइनही आहे. मुलाचा तसला फोटो मात्र पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला पुढे पाठवू नका, तो गुन्हा ठरू शकतो.

बाकाला रंग देता येत होता. स्टिकर वर्गातल्या प्रत्येक फोनमध्ये सेव्ह झालेला. करणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनी त्याला माफी मागायला लावली, तरी बाकीच्या फोनांत तो होताच. मग मी प्रत्येक पालकाला मुलाशेजारी बसून तो काढायला सांगितलं. बहुतेकांनी काढला. काहींनी "आमचा मुलगा नुसता बघत होता" म्हणत फोन उघडायला नकार दिला. नुसतं बघून हसणाऱ्यांच्या घरी याविषयी बोलणं मला सगळ्यात जास्त व्हायला हवं होतं.