क्लिक रसायन व जैवसंयुग्मन

प्रथिन, डीएनए किंवा शर्करेसारख्या जैवरेणूला रंग, औषध वा दुसरा जैवरेणू सहसंयुजी बंधाने जोडणे म्हणजे जैवसंयुग्मन. हे काम पाण्यात, साध्या तापमानाला आणि आसपासच्या रेणूंना धक्का न लावता करणाऱ्या मोजक्याच विक्रिया आहेत. अशा भरवशाच्या विक्रियांसाठी बॅरी शार्पलेस व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये क्लिक रसायनाची कल्पना मांडली.

अझाइड व अल्काइन यांपासून ट्रायाझोल वलय बनणे ही त्यातली सर्वांत वापरातली विक्रिया. हे दोन्ही गट पेशीत सहसा आढळत नाहीत. त्यामुळे तिथल्या गर्दीतही ते एकमेकांशीच जुळतात. नुसत्या उष्णतेवर ही विक्रिया रेंगाळते आणि दोन समघटकांचे मिश्रण देते. तांब्याच्या क्युप्रस आयनामुळे ती वेगाने होते व एकच समघटक मिळतो, हे कोपनहेगनमध्ये मॉर्टेन मेल्डाल आणि कॅलिफोर्नियात शार्पलेस यांना स्वतंत्रपणे आढळले; दोन्ही शोध २००२ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रयोगशाळेत मोरचूद घेऊन सोडियम ॲस्कॉर्बेटने त्याचे क्षपण करतात. मात्र हेच तांबे ऑक्सिजनच्या संपर्कात विनाशक मूलके निर्माण करते. स्थिरीकरण केलेल्या पेशींचे त्याने फारसे बिघडत नाही. विभाजन पावणाऱ्या पेशी ओळखण्याची ईडीयू चाचणी म्हणूनच रूढ झाली : नव्या डीएनएत शिरलेल्या अल्काइनला अझाइडयुक्त रंग थेट जोडला जातो. जुन्या बीआरडीयू पद्धतीत बीआरडीयू ओळखणारा प्रतिपिंड आत पोहोचावा म्हणून आम्ल किंवा उष्णतेने डीएनएचे धागे उलगडावे लागत.

जिवंत पेशींसाठी कॅरोलिन बर्टोझी यांनी २००४ मध्ये तांबे वगळले. आठ कार्बनांच्या वलयात कोंबलेले अल्काइन ताणामुळे आपणहून अझाइडशी जुळते. या मार्गाने पुढे झेब्राफिशच्या वाढत्या भ्रूणातील शर्करांचीही छायाचित्रे घेता आली. तिघांना २०२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले; शार्पलेस यांचे ते दुसरे.

प्रतिपिंडाला रंग किंवा औषध जोडताना मात्र खरी अडचण जोडणीच्या आधीची. अझाइड किंवा डीबीसीओ (असेच ताणलेले वलयी अल्काइन) गट बहुधा लायसिन या अमिनो आम्लावर बसवतात. लायसिने तर डझनावारी असतात. त्यामुळे प्रत्येक रेणूवर गटांची संख्या व जागा वेगळी पडते, आणि प्रतिजन धरण्याच्या जागीच गट बसला तर पकड सैल होते. विकरांच्या मदतीने प्रतिपिंडाच्या शर्कराशृंखलेवर अझाइड बसवणे महागडे, पण नेमके. विकत घेतलेल्या प्रतिपिंडाच्या द्रावणात टिकाऊपणासाठी अनेकदा सोडियम अझाइड घातलेले असते, तेही आधी काढावे लागते. नाहीतर डीबीसीओ त्यावरच खर्च होतो.