सोलापूरचं वसतिगृह
बडोद्याच्या स्कॉलरशिपवर बाबासाहेब कोलंबियापर्यंत शिकले. पण १९१७ साली नोकरीला बडोद्यात आले, तर पारशांच्या धर्मशाळेतून लाठ्या दाखवून हाकलले गेले. पैशानं शिक्षण दिलं, जागा दिली नाही.

१९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. ४ जानेवारी १९२५ ला सभेनं सोलापुरात हायस्कुलातल्या आपल्या पोरांसाठी वसतिगृह उघडलं. जेवण, कपडे, वह्या सभेच्या. शाळेत बाजूला बसवलेली पोरं इथं एका पंगतीत बसली. त्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचं मासिक चालवलं. भाकर खाऊन गप्प बसली नाहीत, लिहू लागली.

एकट्यानं घेतलेली मदत माणसाला मिंधा करते. दहाजण मिळून शिकले की चळवळ उभी राहते. म्हणून स्कॉलरशिपचा फॉर्म भरून देताना एवढं बघा, पोराच्या शेजारी कोण बसलंय?