पहिला पेशंट

मागच्या रविवारी सकाळी मामीचा फोन. "अरे, दादाने गोळ्या बंद केल्यात. तू बोल ना, तुझं ऐकतो तो."

दादा म्हणजे माझा मामेभाऊ, सी.ए. आहे. त्याला बायपोलर आहे, आणि चार वर्षांपासून तो लिथियम घेतो. गेली दोन वर्षं एकदम छान चाललं होतं. मी फोन लावला तर म्हणतो, "मी ठणठणीत आहे रे. ठणठणीत माणसाने औषध कशाला घ्यायचं? आणि लिथियम काय, ते तर तुझ्या लॅपटॉपच्या बॅटरीत असतं!"

आता यावर काय बोलणार? मला उत्तर सुचेना. मग आख्खा वीकेंड लिथियमचा इतिहास वाचण्यात घालवला. वाचता वाचता लक्षात आलं, दादाचा प्रश्न फार जुना आहे. अगदी पहिल्या पेशंटइतका जुना!

तर मंडळी, गोष्ट ऑस्ट्रेलियातली. जॉन केड हा मानसोपचारतज्ज्ञ दुसऱ्या महायुद्धात साडेतीन वर्षं सिंगापूरच्या चांगीत जपान्यांच्या कैदेत होता. सुटून आल्यावर मेलबर्नजवळ बुंडूराला माजी सैनिकांच्या मनोरुग्णालयात काम करू लागला. लॅब कसली, तर वापरात नसलेलं एक कोठीघर. त्याची थिअरी अशी की उन्माद (मेनिया) म्हणजे शरीरातच तयार होणाऱ्या कुठल्याशा विषाचा परिणाम. रुग्णांची लघवी गिनीपिगना टोचून तो ते विष शोधत होता. संशय युरिक ॲसिडवर होता, पण ते पाण्यात नीट विरघळत नाही. त्याचा लिथियमबरोबरचा क्षार मात्र विरघळतो, म्हणून तो वापरला. आणि गिनीपिग चक्क शांत झाले! उताणे ठेवले तरी निवांत पडून.

आज अनेकांना वाटतं की त्या बिचाऱ्यांना लिथियमचा डोस जास्त झाला असावा. म्हणजे थिअरी चूक, प्रयोगाचा अर्थ चूक, आणि निष्कर्ष बरोबर. आमच्या क्षेत्रात असा कोड कधीकधी चालतो, पण त्याला हात लावायची कुणाची हिंमत होत नाही. असो.

केडने आधी ते क्षार स्वतः घेऊन पाहिले. मग २९ मार्च १९४८ ला पहिल्या पेशंटला दिले. वय ५१, पाच वर्षं सतत उन्मादात, वॉर्डात सगळ्यात त्रासदायक. पेपरात त्याची फक्त आद्याक्षरं आहेत, डब्ल्यू. बी. काही आठवड्यांत तो सावरला. जुलैमध्ये घरी गेला, जुन्या नोकरीवर रुजूसुद्धा झाला.

आणि मग त्याने गोळ्या बंद केल्या. बरा झाला होता ना! जानेवारी १९४९ मध्ये तो परत वॉर्डात.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण १९५० मध्ये तो गेला, लिथियमच्या विषबाधेने. औषध थांबवलं तर आजार परत येतो, जास्त झालं तर जीव जातो. दोन्ही धडे एकाच माणसाने शिकवले. त्याच सुमारास अमेरिकेत मिठाऐवजी लिथियम क्लोराइड खाऊन काही हृदयरुग्ण दगावले, आणि लिथियमचं नाव आणखीच खराब झालं.

ते सावरलं मोजमापाने. मेलबर्नमध्येच ट्राउटनर यांनी रक्तातलं लिथियम मोजायला सुरुवात केली. योग्य पातळी साधारण ०.६ ते १.०, आणि १.५ च्या वर धोका. पट्टी एवढीशी. म्हणून तर दादाला रक्ततपासणीचा जाच. किडनी आणि थायरॉइडही तपासत राहावं लागतं.

डेन्मार्कमध्ये मोगेन्स शाऊ यांनी १९५४ मध्ये रीतसर चाचणी केली. त्यांच्या सख्ख्या भावाला वारंवार डिप्रेशन यायचं, त्यामुळे हा विषय त्यांच्या घरातलाच होता. पुढे बास्ट्रुप आणि शाऊ यांनी १९७० मध्ये नेमका दादाचाच प्रयोग केला. लिथियमवर ठीक असलेले ८४ पेशंट घेतले. ४५ जणांचं लिथियम चालू ठेवलं, ३९ जणांना तशीच दिसणारी खोटी गोळी दिली. पाच महिन्यांत त्या ३९ पैकी २१ जणांचा आजार परतला. लिथियमवाल्यांपैकी एकाचाही नाही. त्याच वर्षी अमेरिकेने उन्मादासाठी लिथियमला मान्यता दिली.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं. आकडे ऐकून सी.ए. पटेल अशी माझी खात्री होती. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "हात थरथरतात रे. ऑडिट रिपोर्टवर सही नीट येत नाही. परवा क्लायंटसमोर पेन खाली ठेवलं मी."

दोन वर्षं मी त्याला "औषध चालू आहे ना?" एवढंच विचारत होतो. "त्रास होतो का?" हे कधी विचारलंच नव्हतं. आम्हाला वाटत होतं तो बेफिकीर आहे.

हाताचा कंप हा लिथियमचा ओळखीचा दुष्परिणाम आहे आणि त्यावर डॉक्टरांकडे उपाय असतात. डोस बदलता येतो, कधी दुसरं औषध जोडतात. पण ते त्यांनी ठरवायचं, मी नाही आणि दादानेही नाही.

काल सकाळी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी उद्याचीच वेळ दिली आहे. मी ऑफिसला सुट्टी टाकली आहे, दादाबरोबर जाणार आहे.