बटणाखालचा काळा ठिपका

दूरचित्रवाणी संचाचा रिमोट आपण रोज हाताळतो, पण तो उघडून पाहणारे थोडेच. बंद पडलेला एखादा रिमोट वर्गात आणून उघडावा. आत मऊ रबराची एक अखंड चटई आणि तिच्याखाली सर्किटची पट्टी दिसेल. चटई उलटी केली की प्रत्येक बटणाच्या पोटाशी एक काळा ठिपका आढळतो. या चटईचा आणि मागच्या कप्प्यातल्या सेलचा इतिहास पाहू लागलो, तर आपण भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यापर्यंत येऊन पोहोचतो.

सुरुवातीच्या एका यशस्वी रिमोटला सेल लागतच नव्हता. अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५६ साली बाजारात आणलेल्या, रॉबर्ट अ‍ॅडलर यांच्या रिमोटमध्ये बटण दाबले की छोटी हातोडी अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीवर आदळे. त्यातून निघणारा, माणसाला ऐकू न येणारा ध्वनी संच ओळखत असे. सारी ऊर्जा बोटाची! पुढे १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून अवरक्त किरणांचे रिमोट आले. आता बटणाचे काम फक्त दोन वाहक टोके जोडण्याचे उरले. किरणांसाठी लागणारी ऊर्जा सेलने द्यायची होती. म्हणजे स्वस्त, टिकाऊ बटण हवे आणि स्वस्त सेलही हवा.

वाळूपासून रबर

झाडाच्या चिकाचे रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक होते. गंधक मिसळून तापवल्यास ते सुधारते, हे चार्ल्स गुडइयर यांनी दाखवले व १८४४ साली त्याचे पेटंट घेतले. तरीही असे रबर काळाने तडकते. जुन्या सायकलचे टायर पाहिले की हे पटते. सिलिकोन रबराचा कणा मात्र कार्बनचा नसून सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या एकाआड एक अणूंचा असतो. म्हणून भंडाऱ्याच्या मे महिन्यातील उन्हाळाच काय, २०० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमानही ते सोसते.

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे फ्रेडरिक किपिंग यांनी या संयुगांचा आयुष्यभर अभ्यास केला. पण त्यांचा व्यवहारात फार उपयोग होईल, असे खुद्द त्यांनाही वाटत नव्हते. १९४० साली अमेरिकेत यूजीन रोशो यांनी तांब्याच्या सान्निध्यात सिलिकॉन व मिथिल क्लोराइड यांची थेट प्रक्रिया घडवली आणि मोठ्या उत्पादनाची वाट मोकळी झाली. १९६९ साली चंद्रावर उमटलेल्या बुटांच्या ठशांमागेही सिलिकोन रबराचेच तळवे होते.

‘टक्’ कशामुळे?

बटणाभोवती रबराची पातळ, तिरपी भिंत असते. दाबताना ती थोडा वेळ विरोध करते आणि मग एकदम वाकते. बोटाला जाणवणारी ‘टक्’ ती हीच. भिंतीची जाडी, तिचा कोन आणि रबराचा कडकपणा यांवर किती जोर लागेल हे ठरते. साधारणपणे १०० ते १५० ग्रॅम वजनाएवढा जोर सोयीचा मानतात. ‘टक्’ फार ठसठशीत केली तर भिंतीवर ताण येऊन बटणाचे आयुष्य घटते, फार मवाळ केली तर बटण दाबले गेले की नाही हे कळत नाही. चटईच्या खालच्या बाजूच्या बारीक खाचाही उगीच नसतात. बटणाखालची हवा त्यांतून बाहेर पडते.

सिलिकोन रबर विद्युतरोधक असते. म्हणून कार्बन मिसळलेल्या वाहक रबराच्या काळ्या गोळ्या आधी पोलादी साच्यात ठेवतात, वर कच्चे रबर घालतात आणि सुमारे १७० ते १८० अंश सेल्सिअस तापमानाला दाबतात. काही मिनिटांत रेणूंच्या साखळ्या एकमेकींशी जोडल्या जातात. साचा महाग असतो आणि एकदा कोरल्यावर चूक निस्तरणे कठीण. त्यामुळे खरे डोके लागते ते आधीच्या आराखड्याला.

तुमसरचे खनिज

आता सेलकडे वळू या. जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ साली जो विद्युतघट बनवला, त्याचेच कोरडे रूप म्हणजे साधा, स्वस्त सेल. जस्ताचे डबडे, मध्ये कार्बनची कांडी आणि भोवती मँगनीज डायऑक्साइड व कार्बनची काळी भुकटी. जस्त इलेक्ट्रॉन देते, मँगनीज डायऑक्साइड ते स्वीकारते.

तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्गची उघडी खाण या डायऑक्साइडयुक्त खनिजासाठी ओळखली जाते. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतातले मँगनीज परदेशी पोलाद कारखान्यांकडे जात असे. १९६२ साली मँगनीज ओअर इंडिया, म्हणजे आजची मॉइल, ही कंपनी स्थापन झाली. या कंपनीने पुढे डोंगरी बुजुर्गलाच विद्युतविघटनाने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तयार करण्याचा कारखाना उभारला. खनिज तसेच न पाठवता त्यावर येथेच प्रक्रिया करण्याचे हे पाऊल महत्त्वाचे होते.

यापुढचे पाऊल कोणते, हा प्रश्न आपण विद्यार्थ्यांपुढे ठेवायला हवा. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भंडाऱ्याला साचा आणि ओतकाम नवे नाही. दगड आणि वस्तू यांच्या किमतीत जो फरक पडतो, तो बव्हंशी भिंतीचा कोन ठरवणाऱ्या ज्ञानाचा असतो. ते ज्ञान खाणीतून निघत नाही. ते वर्गात आणि कार्यशाळेतच घडवावे लागते.

त्याची सुरुवात एका प्रयोगाने करता येईल. चटई सर्किटसह सपाट ठेवून एका बटणावर प्रयोगशाळेतील वजने एकेक करून चढवावीत आणि ते कितीला वाकते, ते नोंदवावे. मग मल्टिमीटरने काळ्या ठिपक्याचा रोध मोजावा. झिजलेल्या ठिपक्यावर मऊ पेन्सिलीचे शिसे घासून रोध पुन्हा मोजावा. अनेकदा बटण परत चालू लागते. सिलिकोन रबर पुन्हा वितळवून नवी वस्तू करता येत नाही. त्यामुळे जुना रिमोट फेकण्याआधी हा उपाय करून पाहणे बरे. संपलेले सेल मात्र विस्तवात किंवा उकिरड्यावर न टाकता वेगळे साठवावेत.