रक्ताचा पाट कोठवर पोहोंचतो?

नागपूरच्या आसमंतांत संत्र्यांच्या बागा पुष्कळ. पाटांत पाणी दिसलें, एवढ्यावर माळी निश्चिंत होत नाहीं; वैशाखाच्या उन्हांत शेवटचें झाड टवटवीत आहे ना, हें तो पाहतो. रोहिणी किती अरुंद झाली एवढेंच न पाहतां, रक्त हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोंचतें काय, हें पाहण्याची विद्या अशाच दृष्टींतून वाढली.

१९२७ सालीं बोस्टनच्या ब्लुमगार्ट व वाइस या डॉक्टरांनीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एका हातांत टोंचलेलें किरणोत्सर्गी द्रव्य दुसऱ्या हातांत किती वेळानें पोहोंचतें, हें त्यांनीं मोजलें होतें. रक्ताची गति कळली. स्नायूचें पोषण मात्र दिसलें नाहीं. पुढें हॅल अँगर यांनीं गॅमा कॅमेरा घडविला, आणि १९७३ मध्यें झॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं किरणोत्सर्गी पोटॅशियम देऊन श्रमाच्या वेळचें व विश्रांतीचें हृदय ताडून पाहिलें. थोड्याच वर्षांत थॅलियम आलें. श्रमांत फिकट व विश्रांतींत उजळ दिसणारा भाग तहानलेला, पण जिवंत. दोन्ही वेळां फिकट राहणारा भाग बहुधा जुन्या झटक्याचा व्रण. तिन्ही प्रमुख रोहिण्या सारख्याच अरुंद झाल्या असतील, तर मात्र हें चित्रहि फसवूं शकतें.

आपल्या देशांत ४ ऑगस्ट १९५६ रोजीं ट्रॉम्बे येथें ‘अप्सरा’ अणुभट्टी कार्यान्वित झाली. १९६३ सालीं मुंबईस परळ येथें रेडिएशन मेडिसिन सेंटर निघालें. पण मुंबईहून नागपूर आठशेंहून अधिक किलोमीटर दूर. आज पुष्कळ वापरलें जाणारें टेक्नेशियम दर सहा तासांस निम्में होतें. रात्रीच्या बारा तासांच्या प्रवासांत चौथाईच उरावें! म्हणून दूरच्या रुग्णालयांस सुमारें ६६ तासांनीं निम्मे होणारें त्याचें जनक द्रव्य, मॉलिब्डेनम, पाठवितात, आणि लागेल तसें टेक्नेशियम तेथेंच काढून घेतात. या साधनास शास्त्रज्ञ कौतुकानें ‘गाय’ म्हणतात!

चित्रांत उणीव दिसली, म्हणजे लागलीच शस्त्रक्रिया करावी काय? २०२० सालीं ५,१७९ रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय परीक्षणाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आजार स्थिर असलेल्या रुग्णांत, स्नायूस रक्त बरेंच कमी पडत असूनहि, प्रारंभींच रोहिणी मोकळी करण्यानें मृत्यु व झटके औषधोपचारापेक्षां एकंदरींत घटले नाहींत. वारंवार छातींत कळ येणाऱ्यांस मात्र अधिक आराम पडला. सुकलेलें झाड कोणतें, हें चित्र दाखवितें. पाट रुंद करावा कीं नाहीं, हा विचार रुग्ण व डॉक्टर यांनीं मिळूनच करावयाचा असतो.